तीस वर्षं एका दिवसात: रेडिएशनमध्ये मिश्रधातू 'फाटतो' कसा, आणि ते कोडमध्ये कसं बघतात

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकायला जरा जड वाटेल, पण एकदा लक्षात आला की डोक्यातून जाणार नाही.

प्रश्न असा आहे. अणुभट्टीच्या आत एक स्टीलचा भाग आहे. तो तिथे तीस-चाळीस वर्षं राहणार आणि त्याच्यावर रात्रंदिवस न्यूट्रॉनचा मारा होणार. तीस वर्षांनी ते स्टील कसं असेल, हे आज कसं सांगायचं? तीस वर्षं थांबून बघणं परवडत नाही. तारापूरची पहिली दोन युनिट्स १९६९ मध्ये सुरू झाली. म्हणजे या धंद्यात स्टीलला किती लांबचा पल्ला गाठायचा असतो ते बघा.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे अशा वेळी लोड टेस्ट करतात. वर्षभराचं ट्रॅफिक एका तासात सर्व्हरवर सोडायचं आणि काय मोडतं ते बघायचं. धातूवाले पण हेच करतात. न्यूट्रॉनच्या जागी ते अ‍ॅक्सिलरेटरमधून आयन मारतात, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, भयंकर वेगाने. तीस वर्षांचं नुकसान एका दिवसात होतं. पण लोड टेस्ट करणाऱ्या कुणालाही विचारा: वेग वाढवला की कधीकधी वेगळंच काहीतरी मोडतं, आणि जे खरंच मोडणार असतं ते दिसतच नाही. धातूत हेच घडतं. ते का घडतं आणि कॉम्प्युटर सिम्युलेशन त्यात काय मदत करतं, यावर आज बोलूया.

आधी हिशोब

किती नुकसान झालं हे मोजायचं एकक आहे डीपीए. सरासरी प्रत्येक अणू आपल्या जागेवरून किती वेळा उडवला गेला, तो आकडा. १ डीपीए म्हणजे लोखंडातला प्रत्येक अणू सरासरी एकदा हाकलला गेला. १०० डीपीए म्हणजे शंभर वेळा. तरीही तो तुकडा हातात धरता येतो, कारण हाकललेले बहुतेक अणू लगेच कुठल्या ना कुठल्या जागेवर जाऊन बसतात. मला तर हेच पहिलं आश्चर्य वाटतं.

आता वेग. भट्टीच्या आतल्या भागात सेकंदाला साधारण एक कोटीव्या भागाइतका डीपीए धरा. १०० डीपीए व्हायला शंभर कोटी सेकंद लागतील. वर्षात बदला: जवळपास ३२ वर्षं. आयनांच्या माऱ्यात सेकंदाला एक हजारावा भाग डीपीए सहज मिळतो. मग १०० डीपीएला एक लाख सेकंद, म्हणजे २८ तास. वेग दहा हजार पट!

शिवाय न्यूट्रॉन लागलेला नमुना स्वतः किरणोत्सारी होतो, त्याला हात लावायला खास खोल्या लागतात. योग्य ऊर्जेचे आयन मारले तर ही भानगड नसते. म्हणून जगभर हा मार्ग वापरतात. आपल्याकडे कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातही आयन मारून स्टील तपासतात.

चिवड्याचा डबा

मिश्रधातू म्हणजे दोन-तीन धातू वितळवून एकजीव केलेले. स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडात क्रोमियम असतं. गंज लागत नाही तो त्या क्रोमियममुळे. आपण समजतो की एकदा मिसळलं की विषय संपला. तसं नसतं. लोखंड आणि क्रोमियम खूप गरम असताना सुखाने एकत्र नांदतात. तापमान ४७५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली आलं आणि क्रोमियमचं प्रमाण जास्त असलं, की क्रोमियमला क्रोमियमच्या शेजारी बसायचं असतं. त्यांची छोटी टोळकी तयार होतात, काही नॅनोमीटरची. या क्रोमियमच्या टोळक्यांना अल्फा प्राइम म्हणतात. ती स्टीलच्या आतल्या सरकण्याच्या वाटा अडवतात, आणि स्टील कडक पण ठिसूळ होतं. वाकायच्या ऐवजी तडकतं. भट्टीतल्या भागासाठी हे फार वाईट.

आता रेडिएशन यात काय करतं? चिवड्याचा डबा डोळ्यासमोर आणा. डबा पिशवीत ठेवून एसटीने चार तास प्रवास करा. बारीक हादऱ्यांनी मीठ-मसाला आणि चुरा तळाशी जातो, शेंगदाणे आणि पोहे वर राहतात. हादऱ्यांनी वेगळं केलं. आता तोच डबा परातीत उलटा करून दोन्ही हातांनी वर-खाली करा. सगळं परत एकत्र. हलवणं दोन्ही वेळा होतं, परिणाम मात्र उलटा.

आयन धातूत शिरतो तेव्हा ही दोन्ही हलवणी एकाच वेळी चालतात.

पहिलं, परातीतलं. आयन एका अणूला धडकतो, तो दुसऱ्याला, तो तिसऱ्याला. कॅरमचा ब्रेक आठवा. काही पिकोसेकंदांत हजारो अणू हलतात आणि बरेच जण जागा बदलून बसतात. इथे क्रोमियमला कोण शेजारी हवाय हे कुणी विचारत नाही. टोळकं असेल तर फुटतं. हे मिसळणं.

दुसरं, एसटीतलं. त्या धडकांमध्ये काही जागा रिकाम्या राहतात, त्यांना व्हेकन्सी म्हणतात. लोकलमध्ये एक सीट रिकामी झाली की शेजारचा सरकतो, मग त्याची सीट रिकामी, मग पुढचा सरकतो. धातूतले अणू असेच हलतात. रिकामी सीटच नसेल तर सगळे जागच्या जागी. ३०० अंशाला शांत पडलेल्या लोखंडात अशी रिकामी जागा अंदाजे एकावर अठरा शून्य इतक्या अणूंमध्ये एखादीच असते. म्हणजे क्रोमियमला टोळकं करायची कितीही इच्छा असली तरी हलायला वाव नाही. रेडिएशन एकदम भरपूर रिकाम्या सीटा तयार करतं. मग क्रोमियम आपल्या आवडीच्या शेजाऱ्याकडे सरकतं. जे व्हायला शतकं लागली असती ते महिन्यांत होतं. हे वेगळं होणं.

एक तिसरा प्रकार पण आहे, थोडक्यात सांगतो. स्टील बारीक कणांचं बनलेलं असतं. कणांच्या सीमेवर या रिकाम्या जागा जाऊन संपतात, म्हणजे रिकाम्या सीटांचा ओघ सीमेकडे असतो. सीट सीमेकडे गेली की अणू उलट दिशेला सरकतो. अनेक स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम या खेळात जास्त चपळ असतं, म्हणून तेच सीमेपासून जास्त दूर जातं. गंजापासून राखणारा नेमका तिथून गायब, जिथून तडा सुरू होतो.

वर्गमूळाचा घोळ

आता आजच्या एपिसोडचा गाभा. एवढं एक लक्षात ठेवलं तरी चालेल.

माऱ्याचा वेग दहा हजार पट केला. मिसळण्याचा वेग किती वाढला? दहा हजार पट. सरळ आहे, जेवढे आयन तेवढ्या धडका. वेगळं होण्याचा वेग किती वाढला? तो रिकाम्या जागा किती आहेत यावर ठरतो. पण प्रत्येक रिकाम्या जागेसोबत एक बेघर अणू पण तयार होतो, जो उडून दुसऱ्यांच्या मधे घुसलेला असतो. बेघर अणूला रिकामी जागा भेटली की दोघंही संपले, हिशोब शून्य. आता रिकाम्या जागा दहा पट आणि बेघर अणू पण दहा पट केले तर त्यांच्या भेटी शंभर पट होतात. म्हणजे दहा पट साठा टिकवायला शंभर पट मारा लागतो. या भेटीगाठींचं राज्य असेल तिथे रिकाम्या जागा माऱ्याच्या वर्गमूळाने वाढतात. मारा दहा हजार पट, तर वेगळं होणं फक्त शंभर पट.

बघा गंमत! मिसळणं दहा हजार पट, वेगळं होणं शंभर पट. तराजू पूर्ण एका बाजूला झुकला. भट्टीत जे टोळकं हळूहळू जमलं असतं, ते आयनांच्या माऱ्यात जमायच्या आत फुटतं. तुम्ही नमुना बघता आणि म्हणता, वा, स्टील ठणठणीत आहे! आणि भट्टीत ते ठिसूळ होत असतं.

हे नुसतं कागदावर नाही. २०१४ मध्ये बच्छाव, ओडेट आणि मार्क्वी यांचा एक पेपर आला. ३ ते १८ टक्के क्रोमियम असलेले लोखंडाचे नमुने अमेरिकेतल्या आयडाहोच्या अ‍ॅडव्हान्स्ड टेस्ट रिअ‍ॅक्टरमध्ये २९० अंशाला १.८ डीपीएपर्यंत न्यूट्रॉनखाली ठेवले होते. ९ टक्क्यांच्या वर क्रोमियम असलेल्या नमुन्यांत अल्फा प्राइमची टोळकी सापडली. अशाच मिश्रधातूंवर वेगाने आयन मारले की ती टोळकी दिसत नाहीत, किंवा अगदी अर्धवट दिसतात. माऱ्याचा वेग कमी केला की परत दिसायला लागतात.

मग कुणी म्हणेल, तापमान वाढवा की, म्हणजे अणू जास्त पटापट सरकतील आणि हिशोब जुळेल. ही युक्ती खरंच वापरतात. पण इथे तिची पण मर्यादा आहे. तापमान वाढवलं की लोखंड जास्त क्रोमियम विरघळवून घेतं. फार वाढवलं तर क्रोमियमची टोळकी करायची इच्छाच मरते. एक बटण फिरवलं की दुसरं आपोआप फिरतं. म्हणून आयनांच्या निकालावरून भट्टीतला निकाल काढायला मधे एक दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे सिम्युलेशन.

कोडमध्ये धातू

हे काम जुनं आहे. १९६० मध्ये अमेरिकेच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत जॉर्ज विनयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्याच्या सुमारे ५०० अणूंचा स्फटिक कॉम्प्युटरमध्ये उभा केला, एका अणूला धक्का दिला आणि पुढे काय होतं ते मोजलं. मशीन होतं आयबीएम ७०४. तुमच्या खिशातला फोन त्याच्या कित्येक पट पुढे आहे.

या पद्धतीला मॉलिक्युलर डायनॅमिक्स म्हणतात. प्रत्येक अणूवरचं बल काढा, थोडं पुढे सरकवा, परत बल काढा. धडकांचं ते कॅरम बघायला हे उत्तम. पण एक पाऊल असतं साधारण एका फेमटोसेकंदाचं. एक सेकंद चालवायचं तर एकावर पंधरा शून्य इतकी पावलं. कॉम्प्युटरने सेकंदाला दहा लाख पावलं टाकली, आणि मोठ्या डब्यात एवढी टाकत नाही, तरी एका सेकंदाच्या सिम्युलेशनला जवळपास ३२ वर्षं. म्हणजे तीस वर्षं वाचवायला निघालो आणि एका सेकंदासाठी तीस वर्षं घालवली.

म्हणून वेगळं होणं बघायला दुसरी पद्धत: कायनेटिक मोंटे कार्लो. मला ही फार आवडते, कारण हा चक्क एक जॉब शेड्युलर आहे.

कल्पना अशी. अणू बहुतेक वेळ जागच्या जागी थरथरत असतात, ते सगळं बघायची गरज नाही. फक्त उड्या बघा. लोखंडाच्या रचनेत रिकाम्या जागेला आठ जवळचे शेजारी. प्रत्येकाच्या उडीचा एक दर. दर काढायचा तर सेकंदाला एकावर तेरा शून्य इतके प्रयत्न, गुणिले प्रयत्न यशस्वी व्हायची शक्यता. ती शक्यता उडीच्या वाटेतल्या उंबरठ्यावर आणि तापमानावर ठरते. लोखंडात हा उंबरठा सुमारे ०.६५ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरला, तर खोलीच्या तापमानाला एका दिशेची उडी सेकंदाला शंभरेक वेळा. ३०० अंशाला? सुमारे दोन कोटी वेळा! तापमानाची ताकद इथे दिसते.

मग लूप. सगळ्या दरांची यादी करा. बेरीज करा. एक यादृच्छिक आकडा काढून, ज्याचा दर जास्त त्याला संधी जास्त, अशी एक उडी निवडा. अणू हलवा. घड्याळ पुढे ढकला. किती, ते दुसऱ्या यादृच्छिक आकड्याच्या लॉगॅरिदमला एकूण दराने भागून मिळतं. यादी अपडेट करा. परत पहिल्यापासून. बोर्ट्झ, कॅलॉस आणि लेबोविट्झ यांनी १९७५ मध्ये मांडलेला हा अल्गोरिदम आजही असाच चालतो. शेजारी क्रोमियम आहे की लोखंड यानुसार उंबरठा बदलतो, आणि तेवढ्यावर टोळकी आपोआप जमतात. 'टोळकं करा' अशी एक ओळही कोडमध्ये लिहावी लागत नाही.

आता रेडिएशन कसं घालायचं? यादीत एक नवी घटना टाका: जबरदस्तीची अदलाबदल. कुठलेही दोन अणू उचला आणि त्यांच्या जागा बदला, कुणाला काय आवडतं ते न विचारता. हिचा दर तापमानावर नाही, माऱ्याच्या वेगावर ठरतो. परात आणि एसटी एकाच यादीत आली.

घड्याळाबाबत मात्र सावध राहायचं. डब्यात दहा लाख अणू आणि एक रिकामी जागा ठेवली, तर खऱ्या धातूपेक्षा रिकाम्या जागांचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. मग सिम्युलेशनमधला एक सेकंद हा खरा सेकंद राहत नाही. खऱ्या प्रमाणाशी जुळवून वेळ बदलावा लागतो. हे न करता छापलेल्या आलेखाला काही अर्थ नाही.

तीन निकाल

लूप चालवला की मारा आणि तापमान यानुसार तीन गोष्टी दिसतात.

मारा मंद असेल तर टोळकी जमतात आणि वाढत जातात, मोठी लहानांना गिळतात. मारा फार जोराचा असेल तर सगळं एकजीव, जणू धातू प्रत्यक्षापेक्षा जास्त तापलेला आहे. फ्रान्सच्या सॅक्ले इथल्या जॉर्ज मार्टिन यांनी १९८४ मध्ये हेच गणितात बसवलं: माऱ्याखालच्या मिश्रधातूला एक वाढीव, 'परिणामी' तापमान असल्यासारखं वागवता येतं.

तिसरा निकाल सगळ्यात मजेदार. २००० साली एन्रिक आणि बेलॉन यांनी दाखवलं की जबरदस्तीच्या अदलाबदलीत अणू पुरेसे लांब फेकले जात असतील, तर मधल्या वेगाला टोळकी जमतात पण एका आकाराला येऊन थांबतात. वाढत पण नाहीत, विरघळत पण नाहीत. जवळच्या उड्या जमवतात, लांबच्या फेकी फोडतात, आणि दोघांची बरोबरी एका ठरावीक आकारावर होते. मारा बंद केला तर हा तोल पण संपतो.

२०१९ मध्ये के, रीस, मार्क्वी, ओडेट आणि मॉर्गन यांनी लोखंड-क्रोमियमसाठी माऱ्याच्या वेगाचा परिणाम सिम्युलेशनने तपासला. भट्टीतले आकडे आणि आयनांचे आकडे एकाच मॉडेलमध्ये बसवायचा तो प्रयत्न होता. वेग वाढला की मिसळणं टोळक्यांना कसं खातं, हे त्यातून स्पष्ट झालं. अशा मॉडेलमुळे प्रयोग करणाऱ्याला आधीच कळतं की या वेगाला, या तापमानाला मारा केला तर दिसेल ते भट्टीसारखं असेल की फसवं.

भट्ट्यांसाठीच्या युरोफर ९७ सारख्या स्टीलमध्ये क्रोमियम सुमारे ९ टक्क्यांवर ठेवतात. त्यामागे बरीच कारणं आहेत. त्यातलं एक हे, की त्या प्रमाणात अल्फा प्राइमचा धोका बराच कमी होतो.

मग घ्यायचं काय?

पुढच्या वेळी बातमीत वाचलं की 'अमुक पदार्थाने शंभर वर्षांचं रेडिएशन सहन केलं', तर एकच प्रश्न विचारा: किती वेगाने? एकूण डोस सारखा असला म्हणून निकाल सारखा येत नाही. बॅटरी, रंग, प्लास्टिक, औषधं, जिथे जिथे घाईघाईने म्हातारपण आणून तपासतात, तिथे हा प्रश्न लागू होतो. आत दोन प्रक्रिया चालू असतील आणि घाईने दोघींना सारखं पळवलं नसेल, तर उत्तर बदलतं.

आणि ज्यांना कोड लिहायला आवडतं त्यांच्यासाठी शनिवार-रविवारचा उद्योग. १२८ गुणिले १२८ ची चौकट घ्या. दोन रंग भरा, एक रिकामा घर ठेवा, वर सांगितलेला लूप लिहा. पायथॉनमध्ये दोनेकशे ओळींच्या आत बसेल, साधा लॅपटॉप पुरतो. मग जबरदस्तीच्या अदलाबदलीचा दर शून्यापासून हळूहळू वाढवा. आधी मोठे डाग दिसतील, मग मिसळलेला गोंधळ. अदलाबदल लांबच्या घरांमध्ये करा आणि मधला दर शोधा. डाग एका आकाराला येऊन थांबतात ते स्क्रीनवर बघा. खऱ्या अणूंसोबत खेळायचं असेल तर लॅम्प्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतलं आहे.

भौतिकशास्त्राची डिग्री नसली तरी चालेल. यादी, बेरीज, यादृच्छिक आकडा आणि घड्याळ, एवढं येत असेल तर सुरुवात होते. मी तसंच शिकलो.

चला, आज इथेच थांबतो. डाग किती दराला थांबले ते मला नक्की कळवा, चित्र पाठवलंत तर अजून मजा. एपिसोड आवडला तर त्या मित्राला पाठवा जो दर रिलीजच्या आधी म्हणतो, "लोड टेस्ट पास झाली, आता काही होत नाही!"

भेटूया पुढच्या वेळी. काळजी घ्या!